आठही तारा जुळल्या पाहिजेत: लॅन केबलला अनावृत पत्र

प्रिय लॅन केबल,

स्पीड टेस्टच्या पडद्यावर ९४ हा आकडा दिसला की मी आधी तुला शोधते. ९३.८ असो नाहीतर ९४.६. प्लॅन २०० मेगाबिटचा, बिल २०० चं, लॅपटॉपला वायर व्यवस्थित जोडलेली, आणि काटा काही ९४ च्या पुढे सरकत नाही. घरातली माणसं कस्टमर केअरला फोन लावतात, राउटर बंद करून पुन्हा चालू करतात, आणि शेवटी कंटाळून ३०० चा प्लॅन घेतात. तरी आकडा तोच. नेटवर्कच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली आणि हे इतक्या घरांत पाहिलं की आता गप्प बसवत नाही. पत्र तुझ्या नावे आहे, पण पाकीट बंद केलेलं नाही. तुला सोफ्याच्या पायाखाली चेपणाऱ्या सगळ्यांनी ते वाचावं.

त्या ९४ चं गणित साधं आहे. तू १०० मेगाबिटवर चालत असतेस तेव्हा सगळेच्या सगळे १०० माणसाच्या कामी येत नाहीत. प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो, तपासणीचे आकडे असतात, दोन पॅकेटांमध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते. तारेवरून १५३८ बाइटची जागा खर्च होते तेव्हा त्यातला खरा माल असतो १४६० किंवा १४४८ बाइट. उरतात ९४ ते ९५ टक्के. म्हणजे ९४ दिसतंय याचा अर्थ तू १०० वर पूर्ण क्षमतेनं राबते आहेस. बाहेरून नेट कमी येत असेल तर आकडा हलता असतो, दुपारी १५०, रात्री नऊला ७०. दिवसभर ९४ वर खिळलेला आकडा घराच्या आतली गोष्ट सांगतो: राउटर आणि लॅपटॉप यांच्या मध्ये कुणीतरी १०० वर उतरलं आहे. तू हजारावर चालतेस तेव्हा हाच हिशेब ९४० च्या आसपास जातो.

तुझ्या आत आठ तारा आहेत, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० मेगाबिटला केशरी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात. निळी आणि तपकिरी नुसत्या पडून असतात. हजार मेगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात, प्रत्येकीवर २५० मेगाबिट, तेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. अशा वेळी निळ्या जोडीतली एकच तार कनेक्टरच्या आत नीट बसली नसेल, किंवा दाराच्या बिजागरीत चेपून तुटली असेल, तर तू काय करतेस? दोन्ही टोकांची यंत्रं आपसात बोलतात, हजार जमत नाही असं त्यांच्या लक्षात येतं आणि बहुतेक पोर्ट निमूट १०० वर उतरतात. पडद्यावर सूचना येत नाही, लाल दिवा लागत नाही. मेल उघडते, सिनेमा चालतो, सगळं ठीक वाटतं.

तुझा हा सोशिकपणा मला मान्य नाही. एखादी तार तुटल्यावर तू सरळ बंद पडली असतीस तर त्याच दिवशी कुणीतरी वायरमनला बोलावलं असतं आणि अर्ध्या तासात काम झालं असतं. तू चालत राहतेस, म्हणून लोक वर्षानुवर्षं २०० चे पैसे भरून ९४ वापरतात आणि कंपनीला बोल लावतात. कंपन्यांचे दोष वेगळे आहेत आणि ते खरेही आहेत. पण घरात तपासायची गोष्ट घरातच तपासावी लागते, आणि ती तपासणी एका मिनिटाची आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट. तिथे लिंक स्पीड लिहिलेला असतो. १०००/१००० असेल तर तू धडधाकट आहेस. १००/१०० असेल तर प्लॅन वाढवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

आमच्याच इमारतीतल्या एका काकांकडे असंच झालं होतं. त्यांचा मुलगा घरून काम करतो, ऑफिसच्या मोठ्या फाइली सतत वर-खाली चाललेल्या असतात. त्याच्या खोलीपर्यंत वीसेक मीटरची नवी कॅट ६ वायर टाकून घेतली होती. लिंक कधी १०० दाखवायची, कधी मध्येच तुटून पुन्हा लागायची. काका म्हणाले, "अहो, मुलानं टेस्टर लावला तेव्हा आठही दिवे एकामागून एक लागले. वायर चांगलीच आहे."

मी कनेक्टर उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून रंग दिसतात. ओळीनं केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दिसायला फार नीटनेटकं, जोडीशेजारी जोडी. दुसऱ्या टोकालाही अगदी तसंच. म्हणून टेस्टर खूश होता: एक नंबर एकला, दोन नंबर दोनला, आठ नंबर आठला. पण कनेक्टरमधल्या तिसऱ्या आणि सहाव्या खाचेची मिळून एक जोडी धरलेली असते आणि मधल्या चौथ्या-पाचव्याची दुसरी. म्हणून खरा क्रम असा: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरवी आपल्या जोडीदारणीपासून लांब, निळ्या दोघींच्या पलीकडे बसते. काकांच्या वायरीत तिसऱ्या खाचेत हिरवी-पांढरी होती, पण सहाव्यात निळी आली होती. दोन वेगवेगळ्या पिळांतल्या तारांना एक जोडी म्हणून कामाला लावलं होतं.

तुझा सगळा जीव त्या पिळात आहे. जोडीतल्या दोन तारांवर एकच संदेश उलटसुलट जातो, एकीवर वर तर दुसरीवर खाली. बाहेरून आलेला खरखराट, मिक्सरचा असो की शेजारच्या जोडीचा, दोघींवर जवळपास सारखाच बसतो, कारण पिळामुळे दोघी आळीपाळीनं त्याच्या जवळ-लांब होत असतात. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, आणि सारखा बसलेला खरखराट वजाबाकीत निघून जातो. टेलिफोनच्या तारांसाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं हे १८८१ मध्येच सुचवून पेटंट घेतलं होतं. तुझ्या चार जोड्यांचा पीळही एकसारखा नसतो. कुठली घट्ट, कुठली सैल, म्हणजे शेजारणींचंही एकमेकींना ऐकू जाऊ नये. पीळ उलगडला किंवा जोड्या फोडल्या की ही सगळी कारागिरी वाया जाते. टेस्टरला यातलं काही कळत नाही. तो फक्त वीज पोचली का ते बघतो.

दोन्ही टोकं छाटली. बाहेरचं आवरण दोन-तीन सेंटिमीटर सोललं, जोड्या उलगडल्या, बोटांच्या चिमटीत आठही तारा सपाट करून योग्य क्रमानं लावल्या आणि सरळ रेषेत कापल्या. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सुटा राहू द्यायचा नाही, म्हणून कापताना हात आखडता घ्यायचा नाही. मग तारा कनेक्टरमध्ये सारल्या, पुढच्या भिंतीला आठ तांब्याचे ठिपके टेकलेले दिसेपर्यंत. आवरणाचं टोक मागच्या पट्टीखाली आलं आहे ना ते पाहिलं, नाहीतर वायर ओढली गेली की ताण थेट तारांवर येतो. क्रिंपिंग टूल एकदाच, जोर लावून दाबलं. दोन्ही टोकं झाल्यावर मुलानं लॅपटॉप लावला. १०००/१०००. टेस्टवर आकडा २०० च्या आसपास जाऊन थांबला. काकांनी विचारलं, "म्हणजे वायर चांगलीच होती?" होती. तिला जोडणाऱ्या हातांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

वायर जोडणाऱ्या त्या मुलांना मी दोष देत नाही. केबल टीव्हीच्या ऑपरेटरकडे कामाला लागलेली अठरा-वीस वर्षांची पोरं, दिवसभर गच्च्यांवरून फिरून एकमेकांचं बघून शिकतात. पूर्वी ५० मेगाबिटचे प्लॅन होते तेव्हा चारच तारा दाबून काम भागायचं. उरलेल्या चारांवर शेजारच्या घराची लाइनही निघायची. त्या काळातल्या वायरी अजून भिंतींवर आहेत आणि त्यांच्या टोकाला आता ३०० चे प्लॅन लटकले आहेत.

कधीकधी तुझी घडणच खोटी असते. बाजारात अशी कॅट ६ मिळते जिच्या तारा बाहेरून तांब्याच्या आणि आतून ॲल्युमिनियमच्या असतात. वेष्टनावर कोपऱ्यात 'सीसीए' छापलेलं असतं, कधी तेही नसतं. तांब्यापेक्षा तिचा अवरोध दीडपटीच्या घरात, दोन-चार वेळा वाकवली की तुटणार, आणि कॅट ५ई किंवा कॅट ६ च्या मानकात तिला जागाच नाही. ओळखायची खूण सोपी: तार ब्लेडनं खरवडायची, आत पांढरी निघाली तर परत करायची. उलट दिशेची फसवणूकही चालते. 'कॅट ८' लिहिलेली चपटी, चकचकीत वायर गेमिंगच्या नावानं चढ्या भावात विकतात. कॅट ८ चं मानक डेटा सेंटरमधल्या यंत्रांसाठी आणि ३० मीटरपर्यंतच्या अंतरासाठी आहे. घराला तांब्याची साधी, गोल कॅट ६ भरपूर झाली.

खूपदा मात्र वायर निर्दोष असते आणि पोर्टच तोकडा असतो. कंपनीनं बसवलेल्या डब्याला चार पोर्ट असतात, त्यांतला एकच हजाराचा आणि बाकीचे तीन १०० चे, असे डबे आपल्याकडे सर्रास आहेत. त्या एका पोर्टवर लोक टीव्ही लावतात आणि कॉम्प्युटर १०० वाल्यावर. हे उलटं करावं. पुष्कळ महागड्या टीव्हींचा लॅन पोर्टसुद्धा १०० चाच असतो, आणि तो त्याला पुरतो, कारण फोर-के सिनेमालाही २५ मेगाबिटच्या वर सहसा लागत नाही. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर डोंगल लागतो, आणि स्वस्तातले पुष्कळसे डोंगल १०० चेच असतात. कपाटात पडलेला जुना स्विच मध्ये जोडला तर तोही १०० चा निघू शकतो. साखळीत जो सगळ्यात हळू, त्याचाच वेग शेवटी हाती येतो. म्हणून आधी चांगली छोटी वायर घेऊन लॅपटॉप थेट डब्याला लावायचा, आकडा बघायचा, आणि मग एकेक दुवा परत जोडत जायचं. ज्या दुव्यावर आकडा पडला तो गुन्हेगार.

वळवाच्या पावसानंतर माझ्याकडे पोर्ट जळाल्याच्या तक्रारी येतात. एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर तुला उघड्यावर ताणतात, आणि जवळपास वीज पडली की तांब्यातून झटका येऊन दोन्हीकडचे पोर्ट जातात किंवा अर्धमेले होऊन १०० वर अडकतात. हे काम तुझं नाही. इमारतींच्या मध्ये फायबरच पाहिजे. काचेतून वीज वाहत नाही.

तू आज जुनाट वाटतेस लोकांना. वायफायच्या जमान्यात वायर कशाला, असं मला तोंडावर विचारतात. तुझं, म्हणजे इथरनेटचं, टिपण २२ मे १९७३ ला कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी लिहिलं, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत तुला उभं केलं. तेव्हा तू एकच जाड को-ॲक्सियल केबल होतीस, सगळी यंत्रं तिलाच जोडलेली. दोघं एकदम बोलले की टक्कर व्हायची आणि दोघं थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचे. वेग होता २.९४ मेगाबिट. पिळाच्या जोड्यांवर १० मेगाबिटचं मानक १९९० मध्ये आलं, १०० चं १९९५ मध्ये, तांब्यावर हजाराचं १९९९ मध्ये. आणि २०१६ मध्ये असं मानक आलं की भिंतीत आधीच गाडलेल्या कॅट ५ई वर अडीच हजार मेगाबिट चालावेत, शंभर मीटरपर्यंत. वायर तीच, टोकाची यंत्रं हुशार झाली. नीट टाकलेली एक केबल राउटरच्या चार पिढ्या बघते. मेटकाफ यांना २०२२ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं ते तुझ्यासाठी.

आणि वायफायचं म्हणशील, तर त्याचीही भिस्त तुझ्यावरच आहे. हवेत एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. घरातली दहा यंत्रं आणि शेजारपाजारची वीस, सगळी त्याच हवेत. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या भिंती आणि शहरातल्या सिमेंट-काँक्रीटच्या, दोन्ही पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल खातात. लोक मग मधल्या खोलीत रिपीटर लावतात. पण साधा रिपीटर तेच पॅकेट त्याच हवेत दुसऱ्यांदा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्याऐवजी लांबच्या खोलीपर्यंत तुला नेऊन तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लावला, तर त्या खोलीतला मोबाइलसुद्धा पळायला लागतो. मोबाइलला लॅनचा पोर्ट नसतो, तरी त्याला तुझा उपयोग होतो तो असा.

एका दुखण्यात तुझा काहीच संबंध नाही, पण खापर तुझ्यावर फुटतं. लिंक हजारची आहे, स्पीड टेस्ट पूर्ण येते, आणि तरी ऑनलाइन वर्गात शिकवताना बाईंचा आवाज तुटतो. नेमकं तेव्हाच कुणाच्या तरी फोनवरून लग्नाचे फोटो बॅकअपला चाललेले असतात. अपलोडची वाट भरली की पॅकेटं राउटरमध्ये साठून राहतात, आणि राउटरची साठवण जितकी मोठी तितकी रांग लांब. एसटीच्या खिडकीवर वऱ्हाडाची ५० तिकिटं काढणारा उभा आहे आणि मागे नुसतं 'गाडी लागली का' एवढंच विचारायला आलेला माणूस ताटकळतोय, तशी त्या आवाजाच्या इवल्या पॅकेटाची गत होते. एरवी १० मिलिसेकंदांत परतणारा पिंग शेकड्यांत जातो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हा आजार घरच्याच नेटवर्कवर ओळखला. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग किती जुनी झाली हे पाहून ती आवरायची पद्धत दिली. त्यावर उभी राहिलेली एफक्यू-कोडेल ही रीत प्रत्येक कामाची वेगळी रांग लावते, त्यामुळे चौकशीवाल्याला वऱ्हाडामागे थांबावं लागत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू अशा नावाची सोय असेल तर चालू करावी आणि वेग मोजलेल्या आकड्याच्या ९० टक्क्यांच्या आसपास बांधावा. वरचे १० टक्के जातात. मी ते आनंदानं सोडते, कारण शिकवणाऱ्या बाईंना शब्द न तुटता पोचणं महत्त्वाचं आहे, स्पीड टेस्टचा फोटो नव्हे.

वेग वाढवायच्या ऐकीव उपायांचंही सांगते. डीएनएस बदलून डाउनलोड वाढत नाही, नाव शोधायला लागणारा क्षण तेवढा कमी होतो. विंडोज एक्सपीच्या काळातल्या रजिस्ट्रीच्या क्लृप्त्यांची आता गरज नाही, विंडोज ते स्वतः जुळवून घेतं. स्पीड आणि डुप्लेक्स हातानं ठरवू नये, 'ऑटो'वर सोडावं. एका टोकाला हातानं फुल आणि दुसऱ्याला ऑटो असेल तर दुसरं टोक हाफवर जाऊन बसतं आणि टकरी सुरू होतात. आणि लंडनला असलेल्या लेकीशी बोलताना जो किंचित उशीर जाणवतो, तो कुठल्याही वायरीनं संपणार नाही. फायबरमधला प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, मुंबई-लंडन सरळ रेषेत सात हजारांच्या वर, जाऊन-येऊन ७० मिलिसेकंद नुसत्या अंतराचेच.

माझी खरी मागणी मात्र घर बांधणाऱ्यांकडे आणि नूतनीकरण करणाऱ्यांकडे आहे. एसीला वेगळी लाइन, गीझरला वेगळी लाइन, फॉल्स सीलिंगमध्ये डझनभर दिवे, आणि नेटसाठी? दाराच्या वर एक भोक. मग तू चौकटीवरून, पंख्याच्या खालून, कपाटामागून फरफटत जातेस, रंगारी तुझ्यावर खिळे मारतो, उंदीर कुरतडतात. एक वेगळा पाइप सुरुवातीलाच टाकला तर खर्च टाइल्सच्या एका खोक्याइतकाही येत नाही.

आमच्या इमारतीचं रिवायरिंग दिवाळीनंतर निघतंय आणि या खेपेला इलेक्ट्रिशियनशी मी आधीच बोलून ठेवलंय. प्रत्येक घरात मुख्य दारापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत आणि तिथून आतल्या एका खोलीपर्यंत तुझा स्वतंत्र पाइप, विजेच्या पाइपापासून अंतर राखून. विजेची लाइन ओलांडायची तर काटकोनात. दोन वायरी एकदम ओढायच्या आणि पाइपात एक दोरी सोडून ठेवायची, पुढे फायबर ओढायला. वळणं मोठी, तुझ्या जाडीच्या चौपट तरी. भिंतीतली वायर एकसंध तारेची, शेवटी सॉकेट, आणि सॉकेटपासून टेबलापर्यंत बारीक तारांची तयार पॅच कॉर्ड. ३०५ मीटरचे खोके येतील. ते उघडल्याबरोबर प्रत्येकातून वीतभर तुकडा कापून मी ब्लेडनं खरवडून बघणार आहे. पांढरी तार निघाली तर खोका त्याच टेम्पोतून परत.

कळावे, लोभ आहेच तो वाढावा.

तुझी,
क्रिंपिंग टूल हाताशी ठेवणारी एक शेजारीण